स्मरणिकेतलं पान सतरा

...आणि वर मलाच विचारतात, 'हे पान आपलंच का?' अहो, फोटो माझा, नाव माझं, खाली आमच्या लंडनजवळच्या वॉटफर्डच्या ऑफिसचा पत्ता, मग काय शेजारणीचं असणार? माझंच! पण तुम्हाला सांगते, त्या पानाला वॉटफर्डमध्ये म्हणतात समाजसेवा आणि मुंबईत म्हणतात गैरवर्तन. पान तेच, बाई तीच!

म्हणजे झालं काय, मी दोन्हीकडची वकील. लॉ पुण्यात केलं, सनद मुंबईहून घेतली, मग लग्न करून इथे आले, इथली परीक्षा दिली, सॉलिसिटर झाले. पण तिकडची सनद काही सोडली नाही. विनय, म्हणजे माझा नवरा, डॉक्टर आहे, तो म्हणतो, 'दोन दोन कशाला गं? मी एका वेळी दोन हॉस्पिटलांत ऑन-कॉल असतो का?' पण मला कधीतरी परत जाऊन पुण्यात बायकांच्या केसेस चालवायच्यात, हे मी त्याला, तो मला बघायला आला तेव्हाच सांगितलं होतं! तेव्हा मान डोलावली होती त्याने. तोंडात पोहे होते, ते सोडा.

तर गेल्या वर्षीचा, एक्क्याण्णवचा गणपती. आमच्या इथल्या मराठी मंडळाचे सेक्रेटरी श्रीनिवासकाका, त्यांचा फोन. 'सुमेधा, स्मरणिकेत सतरावं पान कोरं राहिलंय गं. काहीतरी दे. सोळावर साड्यांचं दुकान, अठरावर उकडीचे मोदक, मध्ये तू शोभून दिसशील.' मी म्हटलं, बरं. इथे वकिलांना जाहिरात चालते. आणि किती बायकांना माहीतच नसतं हो, की घरमालकाला वाटलं म्हणून त्याला तुमची बॅग रस्त्यावर ठेवता येत नाही! मी चार ओळी लिहून दिल्या. 'घर सोडा म्हणाले? घाबरू नका. दर गुरुवारी सहा ते आठ, मोफत सल्ला.' मोफत, बरं का! पण काकांना तेवढ्याने चैन पडेल? त्यांनी आपल्या मनाने माझा हळदीकुंकवाचा फोटो घातला आणि वर छापलं, 'पुणे, मुंबई व लंडन गाजवणाऱ्या सुप्रसिद्ध वकील.' पुण्यात मी कोर्टात एकदाच उभी राहिले होते... तेही पुढची तारीख मागायला!

ते पान बघून यमुनाबाई आली. हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये काम करते, नऊ वर्षं एकाच खोलीत राहते, आणि घरमालक आता तिला काढायला बसलेला. पान घडी करून पर्समध्ये आणलेलं. 'ताई, हे तुम्हीच ना? फोटोत भरलेल्या दिसता.' मी केस घेतली.

आणि तीच स्मरणिका काकांनी पुण्याला धाडली, माझ्या आईला. आईच्या शेजारी एक बुजुर्ग वकील. त्यांनी मोदक वाचता वाचता पान उलटं चाळलं, आणि झालं! कारण तिकडे वकिलाने जाहिरात करायचीच नाही. दारावरची पाटीसुद्धा बेताची हवी. त्यांनी मुंबईला तक्रार लिहिली, 'चाळीस वर्षं वकिली केली, वकिली म्हणजे साड्यांचं दुकान नव्हे.' आणि शेजारच्या पानावर खरंच साड्यांचं दुकान!

मग मला मुंबईहून, सनद देणाऱ्यांकडून, नोटीस. आता दुसरी कोणी असती तर गप्प बसली असती. पण इथे दरवर्षी वकिलीचं सर्टिफिकेट नवं करायचा फॉर्म भरायचा असतो, त्यावर सरळ प्रश्न आहे, दुसऱ्या देशात तुमच्यावर शिस्तीची कारवाई चालू आहे का? मी लिहिलं, हो. वर नोटीस जोडली. विनय कपाळाला हात लावून म्हणतो, 'तुला कोणी विचारलं होतं?' म्हटलं, 'फॉर्मने विचारलंय!' 'अगं, फॉर्म काय, काहीही विचारतात!' पण वकिलानेच खोटं लिहायचं, तर मग यमुनाबाईच्या घरमालकाला मी काय तोंडाने बोलू? सांगा ना!

लंडनच्या शिस्तवाल्यांचं उत्तर आलं, इतकं गोड, की वाटलं चहाला बोलावतायत. 'पान पाहिलं. आम्हाला काहीच वावगं दिसत नाही. उपक्रम स्तुत्य आहे. मात्र मुंबईची चौकशी मिटेपर्यंत आपलं सर्टिफिकेट पुढे चालू ठेवण्याचा निर्णय राखून ठेवत आहोत.' सर्टिफिकेट संपतं यंदाच्या ऑक्टोबरअखेर. यमुनाबाईची तारीख नोव्हेंबरात! मी मुंबईला कळवलं, अहो, लवकर मिटवा. मुंबईचं पत्र, 'लंडनचं म्हणणं काय ते आधी कळवा.' लंडनचं म्हणणं, 'मुंबईचं काय ठरतं ते कळवा.' पान तेच, बाई तीच, आणि मध्ये तिकिटं चाटणारीही मीच!

यमुनाबाई दर गुरुवारी यायची. 'ताई, तुमच्याच मागे लागलेत का हो?' मी म्हणायची, 'छे, जरा कागदपत्रं आहेत.' ती म्हणायची, 'मलापण घरमालक हेच सांगायचा.'

शेवटी यंदा ऑगस्टात मुंबईचा निकाल आला. ताकीद. आणि एक अट, 'ज्या स्मरणिकेत जाहिरात आली, तीतच जाहिरात मागे घेतल्याचा खुलासा छापावा, आणि काय मागे घेतलं ते स्पष्ट नमूद करावं.' ठीक. नियम म्हणजे नियम. मी लिहिलं, 'गुरुवारी सहा ते आठ, अमुक पत्त्यावर, घरमालकाचा त्रास असलेल्यांना मोफत सल्ला मिळतो, ही जाहिरात मी मागे घेत आहे.' स्पष्ट नमूद! काकांना बजावलं, एकच प्रत मुंबईला पाठवायचीय, लहान अक्षरात छापा, कोपऱ्यात.

काका म्हणाले, 'तुझी बदनामी कोपऱ्यात? मी जिवंत असताना?' मागचं अख्खं कव्हर दिलं. रंगीत. फोटोही मोठा केला!

सर्टिफिकेट मिळालं. नोव्हेंबरात उभी राहिले, यमुनाबाईचं घर राहिलं. आणि स्मरणिका निघाली त्या गुरुवारपासून, तुम्हाला सांगते, मोफत सल्ला खरंच बंद झालाय का, याची खात्री करून घ्यायला जिन्यापर्यंत बायका उभ्या! लंडनच्या पार दुसऱ्या टोकाच्या इल्फर्डहूनसुद्धा! त्यांना परत कसं पाठवू? बसा म्हटलं.

काल काकांचा फोन. 'सुमेधा, एक प्रत आईला पाठवलीय हं. म्हटलं, शेजारच्या वकीलसाहेबांना पण दाखव, आपली पोरगी किती प्रामाणिक आहे.'

...लंडनहून नवा फॉर्म मागवून ठेवलाय. त्या प्रश्नापुढे 'हो' लिहूनसुद्धा ठेवलंय. पेन्सिलीने.