एजंटाची साक्ष

जिथे मृत्यूलाही आपला प्रामाणिकपणा सिद्ध करावा लागतो, अशा विमा कचेरीत प्राध्यापक पाळीची वाट पाहत होते. मागच्या बाकावर एक विधवा आणि तिच्या नवऱ्याचा एजंट मित्र बोलत होते.

“वहिनी, त्यानं मला मधुमेह सांगितला होता. फॉर्मवर ‘नाही’ मीच लिहिलं. आम्ही सगळेच लिहितो, पॉलिसी लवकर मंजूर होते. आज साहेबांना तसं लेखी देणार.”

“तुमची एजन्सी जाईल, भाऊजी.”

“जाऊ दे. आजार लपवला म्हणून दावा फेटाळतात! तो कधी खोटं बोलला?”

“पत्ते खेळताना बोलायचे.”

“तेवढं सोडा. पण पैसे मिळतीलच असं नाही.”

“न मिळोत. सासूबाई रोज विचारतात, माझ्या लेकानं काय लपवलं? तुमचे उपकार फिटायचे नाहीत, भाऊजी. इथून घरीच चला. त्यांना तुमच्या तोंडून ऐकू दे.”