भुताचे पाय

भुताखेताला मी उभ्या जन्मात भ्यालो नाही. टीव्हीवरचं भूत बघताना उशी पोटाशी धरली होती, ती गोष्ट वेगळी.

नात शर्वरीनं भुताच्या अ‍ॅनिमेचा, म्हणजे जपानी कार्टूनचा, पहिला भाग लावला आणि पैज मारली: भाग संपायच्या आत भूत ओळखा, नाहीतर महिनाभर कुणाची चेष्टा करायची नाही. महिनाभर! जीवच जायचा की माझा!

भुताचे पाय उलटे असतात, हे आमच्या राजारामपुरीतलं शेंबडं पोरगंबी सांगेल. मी हट्टानं नजर पायांवरून हलवलीच नाही. शेवटपर्यंत सगळे पाय सरळ.

"ह्यात भूतच न्हाय!" मी ओरडलो.

शर्वरी म्हणाली, "आजोबा, त्यातली एक पोरगी पहिल्यापासनं बिनतोंडाची हिंडत हुती. आता महिनाभर तुम्हीबी तसंच हिंडा."