रुमानियातली माणसं रक्त पितात म्हणे!

पुन्हा कलेजी! तुम्हाला सांगतो, सात महिने झाले, दर जुम्म्याला नमाज आटोपून खोलीवर यावं तर माझा मेव्हणा यूसुफ ताटली घेऊन दारात उभा... "अशरफभाई, खावा, अंगात रक्त भरेल!" अरे, भरलेलंच आहे रे बाबा, एक थेंब कमी झालेला नाही... पण हे त्याला सांगणार कोण? मी? तेवढी छाती असती तर ही वेळ आली असती होय!

आणि सगळं सुरू कशापासून झालं, तर त्या रुमानियाच्या सिनेमापासून. तुम्ही म्हणाल, कुवेतच्या वाळूत रुमानिया कुठून आला? अहो, आला! आमच्या तेल कंपनीच्या कॅम्पात नवी यंत्रं आली आणि ती बसवायला तिकडचा एक मेकॅनिक आला. नाव निकोलाये, आम्ही म्हणायचो निकू. मी कॅम्पाच्या मेसमध्ये खानसामा, म्हणजे हा माणूस माझ्याच हातचं जेवणार. आणि नशीब बघा, तो यायच्या आधल्याच आठवड्यात कॅम्पाच्या उघड्या थेटरात इंग्रजी सिनेमा लागलेला, रुमानियाचा! डोंगर, धुकं, लांडगे, पडका किल्ला, आणि त्यात एक पांढराफटक सरदार, दिवसा पेटीत झोपतो, रात्री उठून बायकांच्या मानेला... तौबा, तौबा! गावातले लोक दाराला लसूण टांगून थरथरतायत. मेसमध्ये भांडी घासणारा आमचा मजीद माझ्या कानात, "भाई, तिकडं सगळेच असे. हवाच तशी हाय!"

मग मी काय केलं? लसूण! मेसच्या दाराला माळ टांगली, डाळीत मूठभर, भाजीत मूठभर... ये म्हटलं, बघतोच तुला! निकू आला. माळेकडे बघतच राहिला. डोळ्यांत पाणी! मजीद टेबलाखाली. आणि ह्या पठ्ठ्यानं माळ उतरवली, माझा खलबत्ता ओढला, दहाबारा पाकळ्या मीठ-तेल घालून ठेचल्या, पावाला फासून मटामट खाल्ल्या, अन् मोडक्या इंग्रजीत मला म्हणतो, "ममा... माय ममा, सेम, सेम!" आई करते म्हणे अस्संच. आता बोला! हे सिनेमात दाखवत नाहीत हो.

पुढं त्याच्या सरकारनं पाठवलेली फिल्मही दाखवली कॅम्पात. शेतात बाया हसतायत, ट्रॅक्टरवर बाप्या हसतोय, गायसुद्धा हसत असेल, आम्ही पार मागं बसलेलो म्हणून दिसलं नाही एवढंच! मी म्हटलं, निकू, हे तरी खरं ना? तो आधी इकडंतिकडं बघून घेतो, मग हळूच, "एका फिल्ममध्ये सगळे रक्त पितात, एका फिल्ममध्ये सगळे हसतात. माझी ममा पावाच्या रांगेत उभी असते. ती दोन्हींत नाही." आणि उठून गेला. मला वाईट वाटलं. खरंच वाटलं.

मग एक दिवस यूसुफच्या मांडीवर पाइप कोसळला. माझ्या बहिणीचा, शरीफाचा नवरा! बोटीत चढताना मी तिला जबान दिलेली, "तुझ्या माणसाला सांभाळीन." हॉस्पिटलात आमच्या गावजमातीचे नऊ जण व्हरांड्यात, एकेक असा धिप्पाड, आणि सिस्टर ओरडतेय, "ब्लड चाहिए! जल्दी! कौन देगा?" झालं! एक म्हणतो, परवाच ताप येऊन गेला. दुसरा म्हणतो, एकदा गेलेलं रक्त पुन्हा भरत नाय. तिसऱ्याची आई घरी एकटी! बघता बघता व्हरांडा रिकामा... आणि मी? सख्ख्या बहिणीचा सख्खा भाऊ? मी म्हटलं, सिस्टर, पोटात कळ आली, आलोच! आणि संडासात कडी लावून बसलो. हो, बसलो! हसा, हसा!

बाहेर येतो तर निकू समोरून चाललाय, कोपरात कापसाचा बोळा दाबून. दिलं होतं. न बोलावता, न विचारता. माझ्या खांद्यावर थाप मारली आणि ड्युटीवर गेला. हे सिनेमात दाखवत नाहीत!

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं, आणखी लागलं तर आता मीच देणार, आणि बाही वर सारून खाटेशी बसलो. यूसुफनं डोळे उघडले. बाही बघितली. "अशरफभाई... तुम्ही दिलंत?" आणि मी "नाही" म्हणालो नाही. बस्स, एवढंच केलं मी! एवढ्याशा गप्प बसण्याची केवढी फळं बघा. यूसुफनं घरी पत्र धाडलं, शरीफाचं उत्तर आलं, "भाई, तुझ्या रक्तानं माझं घर वाचलं. मुलगा झालाय, नाव अशरफ ठेवलंय." आता काढा तोंड वर!

तरी ठरवलं, सांगायचंच. निकू परत जायचा होता, त्याच्यासमोरच सांगायचं. परवा आम्ही तिघं थेटरात बसलो. पुन्हा तोच सरदार, तीच मान... आणि यूसुफ मांडीवर थाप मारून ओरडतो, "रक्तपिपासू साले! अख्खा मुलूख हरामी! नायतर आमचे अशरफभाई बघा, अंगातलं काढून देणारे!" सगळं थेटर माझ्याकडं बघतंय. निकूला आमची भाषा येत नाही. तो हसून मला विचारतो, "व्हॉट ही से?"

तुम्हाला सांगतो, शब्द ओठावर होते. अल्लाकसम, होते! आणि मी म्हणालो, "ही लाइक फिल्म."

काल निकू गेला. मेसच्या दाराला मी पुन्हा टांगलेली लसणाची माळ आईला दाखवायला म्हणून घेऊन गेला.

...आण रे यूसुफ, आण ती ताटली. लसूण केवढा घातलाय बघा! पूर्वी वाससुद्धा खपायचा नाही ह्याला. हल्ली विचारलं तर म्हणतो, "काय करू भाई, अंगात तुमचंच रक्त हाय ना!"