दोन इंच

नाय ओ मॅडम, मला काय ठाऊक – मी शिवणारी बाई, शाळेत कोण येतं, कोण नाय – बसा ना – तनुजाचंच इचारता ना, दहावीतल्या? रत्नमालाची पोरगी. पहिलीपासून तिचा युनिफॉर्म मीच शिवते, सगळी मापं वहीत हायेत. आता जूनमधी मायलेकी आल्या. टेप लावला तर कंबर अठ्ठावीस. मागल्या खेपेला सव्वीस होती. पोट टम्म, पोरगी वाकून उभी, टेप जरा आवळला तर डोळ्यात पाणी. पाळी जवळ आली की माझंबी असंच व्हायचं – तिच्या वयात मी दोन-दोन दिवस पोट धरून लोळायची – म्हणजे मला तरी समजायला पाहिजे होतं. व्हय, पाहिजे होतं. पण उचलली जीभ, लावली टाळ्याला. रत्नमालाला बाजूला घेतलं, म्हणलं, पोरीवर नजर ठेव बाई, कंबर दोन इंच वाढली. बस्स, एवढंच.

तिसऱ्या दिवशी पोरीला पाळी आली. तिथंच मिटायला पाहिजे ना? कुठलं मिटतंय! लई दुखलं, गडबडा लोळली, तर रत्नमाला मलाच येऊन सांगती – पोट पाडायच्या गोळ्या खाऊन मोकळी झाली कार्टी. पोरगी रडून सांगती, आई, दर महिन्याला असंच दुखतं – कोण ऐकतंय? शाळा बंद केली.

हे? हे ब्लाऊज तिचंच हाय. रविवारी करमाडचे पाहुणे येणार बघायला. परवा मापाला आणली होती. परकरासाठी कंबर घेतली – सव्वीस. परत घेतली, सव्वीसच. माय समोर उभी, एवढंच बोलायचं होतं, मॅडम, की जूनमधली ती सूज पाळीचीच होती. मी वहीत आकडा लिहिला अन् वही मिटली. पोरीनं टेपवरचा आकडा वाचला होता. माझ्याकडं नुसतं बघितलं तिनं. तिच्या मायनं नाय, मी केलं हे.

तुम्ही जा, सांगा रत्नमालाला – दवाखान्यात दाखव म्हणा, पंधरा वर्षांची पोर हाय म्हणा. मास्तरणीचं ऐकंल ती. – मी? मी कशाला? तिच्या तोंडावर काय सांगू, की मीच – नाय ओ, आया विश्वासानं पोरी आणतात माझ्याकडं. – नाय, वहीबी देणार नाय, दुसऱ्यांची मापं हायेत तिच्यात. – रविवार कळतो मला, मॅडम. कळतो.

गिऱ्हाईक आलंय. निघा तुम्ही आता.