नवऱ्याचं उत्पन्न

बाळंतीण : तुम्ही उद्यापासून येऊ नका, मावशी. आज दहावा दिवस. इथवर पुरे.

सोबतीण : आधी बाळ नीट धर. मान कोपराच्या खाचेत घे. हां, अशी. आता बोल, काय म्हणालीस?

बाळंतीण : उद्यापासून नको म्हटलं.

सोबतीण : का गं? माझं काही चुकलं का? बडबड जास्त आहे माझी, ठाऊक आहे मला. उद्यापासून तोंडाला कुलूप.

बाळंतीण : तसं नाही. आता मला जमतं सगळं.

सोबतीण : जमतं? लंगोट उलटा बांधलायस पोरीचा. आणि संस्थेत महिनाभराचं ठरलंय आपलं. प्रसूतीच्या वेळी सोबत, नंतर तीस दिवस रोज सकाळी दोन तास. वीस दिवस बाकी आहेत अजून. टाकेसुद्धा सुकले नाहीत तुझे.

बाळंतीण : दुसरा हप्ता भरायचाय. तो मला झेपणार नाही.

सोबतीण : असं कसं? आमच्याकडे ज्याला जेवढी झेपेल तेवढीच फी असते. घरात पैसा किती येतो ते विचारूनच ठरवतात. ज्याच्याकडे जास्त त्याने जास्त द्यायची, म्हणजे हातावर पोट असलेलीलाही बाळंतपणात कुणीतरी मिळतं. तुला कुठली लावली?

बाळंतीण : वरची.

सोबतीण : वरची म्हणजे?

बाळंतीण : सगळ्यात वरची.

सोबतीण : चष्म्याच्या दुकानात काउंटरला उभी राहणारी तू, तुला सगळ्यात वरची?

बाळंतीण : फॉर्मवर दोन पगार आहेत. माझा आणि त्याचा.

सोबतीण : हं.

बाळंतीण : हं काय?

सोबतीण : काही नाही. तिला खांद्यावर घे. पाठीवरून हात फिरव, ढेकर येऊ दे.

बाळंतीण : कोण किती देतं ते तुम्हाला कळत नाही?

सोबतीण : मुद्दाम सांगत नाहीत. माझा पगार सगळ्या घरांना सारखाच. कळलं तर एकीकडे हात आखडायचा, दुसरीकडे कंबर जास्त वाकायची. आम्हीही माणसंच.

बाळंतीण : मला वाटलं, कमी फीवाल्यांकडे नवशिक्या पाठवत असतील.

सोबतीण : म्हणून दोन पगार लिहिलेस?

बाळंतीण : नाही. म्हणजे, तेही होतं. पण खरं सांगू? टेबलाच्या पलीकडे एक मुलगी बसली होती. माझ्या मागे रांगेत सगळी जोडपी. नवरे पिशव्या धरून उभे. तिने मान वर न करता विचारलं, नवऱ्याचं उत्पन्न? आणि माझ्या तोंडून त्याच्या पगाराचा आकडा निघून गेला.

सोबतीण : आणि तो पगार या घरात येतो?

बाळंतीण : तो बाहेरगावी असतो. कामासाठी. सांगितलं होतं ना तुम्हाला.

सोबतीण : माझ्यासमोर तर म्हणाली होतीस, गाडी लावतोय.

बाळंतीण : कधी?

सोबतीण : दवाखान्यात. कळा चालू होत्या तुला. नर्सने विचारलं, नवरा कुठाय, तर म्हणालीस, खाली गाडी लावतोय. त्यानंतर तेरा तास माझा हात पिळत होतीस तू. तेरा तासांत गाडी काय, माणूस घर बांधून वर रंगही देतो.

बाळंतीण : म्हणजे तुम्हाला तेव्हापासूनच...

सोबतीण : तेव्हा नुसती शंका आली. मग इथे न्हाणीत त्याचा दाढीचा ब्रश बघितला. रोज तिथे हात धुते मी. दहा दिवसांत एकदाही ओला दिसला नाही.

बाळंतीण : मग विचारलं का नाहीत?

सोबतीण : झाकली मूठ सव्वा लाखाची. तुझी मूठ, तुला वाटेल तेव्हा उघड. पण आता त्या मुठीपायी माझंच येणं बंद करायला निघालीस, म्हणून बोलले.

(बाळ रडू लागतं. बऱ्याच वेळाने शांत होतं.)

बाळंतीण : पाचव्या महिन्यात सोडून गेला. भांडण नाही, तंटा नाही. म्हणाला, मला हे जमणार नाही. ‘हे’ म्हणजे काय ते विचारायचंसुद्धा मला सुचलं नाही.

सोबतीण : कुणाला सांगितलंस हे?

बाळंतीण : तुम्हाला.

सोबतीण : माझ्याआधी गं.

बाळंतीण : तुमच्याआधी कुणाला नाही. दुकानातल्या मुली विचारतात, काळजी घेतो ना? मी म्हणते, खूप. मग त्या खूश होऊन फोन ठेवतात. तुम्ही अकराला जाता ना, मी दार लावते. मग दुसऱ्या दिवशी नऊपर्यंत या घरात माझ्याशिवाय कुणी बोलत नाही. हिच्याशी बोलते मी. काल हिला चष्म्याचे नंबर समजावून सांगत होते. फार एकटं वाटतं, मावशी. दुखण्यापेक्षा तेच जास्त.

सोबतीण : आणि तरी मलाच नको म्हणतेस. शहाणी आहेस. माझी पिशवी दे इकडे.

बाळंतीण : निघालात?

सोबतीण : निघते कसली! कोरा फॉर्म काढतेय. लोकांच्या नोकऱ्या जातात, पगार कापले जातात, म्हणून जवळ ठेवायलाच लावलेत. हा भर, मी आजच ऑफिसात देते. पुढचे हप्ते नव्या फीने लागतील.

बाळंतीण : पण मी खोटं लिहिलं होतं ते?

सोबतीण : जास्त पैसे भरायला खोटं बोललेली तू पहिलीच असशील. कोण काय बोलणार तुला?

बाळंतीण : आणि भरले ते गेले?

सोबतीण : गेले कुणाच्या तरी बाळंतपणाला. नसलेल्या नवऱ्याच्या पगारातून दान केलंस. फक्त पुण्य त्याला लागायला नको.

बाळंतीण : हसवू नका हो, टाके ओढतात.

सोबतीण : मग हसू नकोस, लिही. तुझा पगार.

बाळंतीण : सध्या अर्धाच मिळतो. सुट्टीवर आहे ना.

सोबतीण : अर्धा तर अर्धा. सगळ्यात खालची लागेल, ती झेपेल तुला. आता नवऱ्याचं उत्पन्न. तिथे रेघ मार.

बाळंतीण : रेघ?

सोबतीण : रेघ मारलीस म्हणून तो आणखी लांब जात नाही. आणि नाही मारलीस म्हणून परत येत नाही.

बाळंतीण : मारली.

सोबतीण : शाब्बास. आता खाली बघ. अडीअडचणीला कुणाला कळवायचं? नाव आणि नंबर.

बाळंतीण : तुमचा लिहू?

सोबतीण : आमचा चालत नाही.

बाळंतीण : तुम्ही रोज येता तरी?

सोबतीण : महिना संपला की मी दुसऱ्या घरी. मला सगळी घरं आठवतात गं, पण त्यांना मी आठवत नाही. परवा बाजारात एकजण दिसली, तिच्याबरोबर मी दोन रात्री जागले होते. हाक मारणार, तेवढ्यात तिने मान वळवली. तिचंही बरोबर आहे. आम्ही बाईला जसं बघितलेलं असतं, तसं तिला पुन्हा कुणी बघू नये असं वाटतं. माझ्या घराचं कुलूप मीच लावते, मीच काढते. म्हणून सांगते, माझ्या भरवशावर राहू नकोस. आई आहे ना तुझी?

बाळंतीण : आहे. रोज संध्याकाळी फोन करते. यायलाही निघाली होती, तिकीट काढून. मीच म्हटलं, नको, तो आहे ना सगळं करायला.

सोबतीण : अगं बाई! सख्ख्या आईला नको म्हणालीस, आणि परक्या बाईसाठी वरची फी भरलीस?

बाळंतीण : लग्नाच्या वेळी ती म्हणाली होती, हा टिकायचा नाही.

सोबतीण : मग आता म्हणेल, बघ, मी सांगितलं नव्हतं? म्हणू दे. दोनदा म्हणेल, आणि तिसऱ्यांदा म्हणायच्या आधी नातीला मांडीवर घेऊन बसेल.

बाळंतीण : ते नाही, मावशी. ती आली की पहिल्यांदा कपाट आवरेल. त्याचे कपडे बाहेर काढेल. मग तो खरंच सोडून गेलेला असेल. आत्ता कसं, मला एकटीलाच माहीत आहे. एकटीलाच माहीत असलं की थोडं खोटं वाटतं.

सोबतीण : हं.

बाळंतीण : पुन्हा हं?

सोबतीण : तू तिचा नंबर लिही, तेवढं पुरे. फोन लाव असं मी म्हणणार नाही. उद्या नऊला येते. चल, पुढच्या घरी वाट बघत असतील.

बाळंतीण : पाच मिनिटं थांबता?

सोबतीण : कशाला?

बाळंतीण : नुसत्या बसा. हिला घ्या जरा. फोन लावते.

सोबतीण : आण. ये गं माझी बाहुली. बसलेय मी.

बाळंतीण : हॅलो, आई? ...नाही, काही झालं नाही. असाच केला, सकाळीच. ...हो, पिते नीट. ...तो? तो कामावर... नाही. थांब, आई. कामावर नाही गेला. आई, चार महिने मी तुला खोटं सांगतेय.