रिक्षाची सीट, चाकाची खुर्ची

मी मूळची दांडीची. बापाची होडी होती, आय टोपली घेऊन बोईसरच्या बाजारात बसायची आन मी पाच भावंडांत सगळ्यात जाड, म्हणून मला होडीत कोणी घेत नसत, ही बसली की होडी कलते म्हणायचे. लग्न होऊन बोईसरला आले. मालकांचं रेक्झिनचं दुकान, रिक्षाच्या सीटा आन हूड शिवायचं. पहिलं वर्ष मला रेक्झिनच्या वासाने मळमळायचं आन मालकांना माझ्या माहेरच्या सुकटीने, मग दोघांची नाकं मेली आन संसार सुरू झाला. आता शिलाई माझी, फोम कापणं त्यांचं आन गिऱ्हाइकाशी भांडणं दोघांचं. रिक्षावाले मला भाभी म्हणतात आन मालकांना काहीच म्हणत नायत.

तर इथल्या काही कारखानदारांची एक संस्था हाय. ज्यांना चालता येत नाय त्यांना परदेशात जाऊन चाकाच्या खुर्च्या फुकट देतात. सांगाडे त्यांनी कुठून कुठून आणले आन सीटा आमच्याकडे टाकल्या, चाळीस. मी ऐटीत म्हटलं, भाऊ, अशी सीट देते की बसला माणूस उठणारच नाय. आन मग माझीच जीभ चावली मी, ज्यांना उठताच येत नाय त्यांच्यासाठी हे बोलले.

सीटा शिवल्या आमच्या हाताला जशी सवय तशा. घट्ट, फोम वर आलेला, वरून रेक्झिन गुळगुळीत ताणलेलं, कडेला लाल पायपिन, शिवणीवरचा तो गोट. रिक्षाची सीट अशीच लागते, पाऊस आत आला की फडकं मारलं, झालं. मालक म्हणाले, अगं, ह्या रिक्षापेक्षा भारी झाल्या. मला पण तेच वाटलं.

मग संस्थेचे भाऊ म्हणाले, तिकडे बसवताना काही उसवलं तर जाणकार पाहिजे, दुकानातलं एक माणूस द्या. मालकांना विमानाची भीती, पण कबूल कोण करतोय, म्हणाले पाठ धरलीय. माझ्याकडे पासपोर्ट होता, मुलीच्या बाळंतपणाला मस्कतला जायचं म्हणून काढलेला, ती बाय इकडेच येऊन बाळंत झाली आन पासपोर्ट कोराच ऱ्हायला. तर माझ्यासारखी समाजसेविका अशी तयार झाली.

केनियाला गेलो. विमानातून उतरून पुढे गाडीने समुद्राकाठच्या गावात, बघते तर माड, वाळत घातलेली मासळी, खारा वारा. मी म्हटलं एवढा खर्च करून मला आणलंत ते आमच्या शेजारच्या केळव्यालाच. तिकडे एक जयंतीभाई होते, किराणावाले, आजोबांपासून तिथेच. ते गावाशी त्यांच्या बोलीत बोलायचे आन माझ्याशी गुजरातीत, आन मी बोईसरची असल्याने मला अर्धी गुजराती येते, उरलेली अर्धी मी हात करून बोलते.

शाळेच्या आवारात खुर्च्या मांडल्या. तिसरी आली ती झुहुरा. सगळे तिला मामा झुहुरा म्हणत होते, तिकडे आईला मामा म्हणतात. माझ्याच वयाची, दोन्ही पाय लहानपणापासून गेलेले. हातात रबरी चपला घालायची, हातांवर जोर देत बसत बसत पुढे सरकायची. जयंतीभाईंनी सांगितलं, नाक्यावर मासे तळून विकते ही, पण रस्ता तापतो, तळहाताला जखम झाली, महिनाभर घरी हाय, आन नाक्यावरच्या तिच्या जागेवर दुसऱ्या एकीचा डोळा हाय. ह्या आठवड्यात गेली नाय तर जागा गेली.

दोघांनी उचलून तिला माझ्या सीटवर बसवलं. फोटो काढायला भाऊ पुढे झाले. आन ती हळूहळू खाली यायला लागली. तुमाला सांगते, कोणी ढकललं नाय, हात लावला नाय, ती आपली लोण्यासारखी घसरत पुढे आली आन धपकन मातीत. पोरं हसली. मी काय म्हणावं? मी म्हटलं, जयंतीभाई, तिला सांगा नीट ताठ बस. माझ्या शिवणीचा दोष असेल हे डोक्यातच नाय आलं.

तिने अंगावरची माती झटकली आन बोलली, जयंतीभाईंनी शब्दाला शब्द सांगितलं. तिला सांगा, जमिनीवरून मी आजवर कधी पडले नाय.

भाऊ म्हणाले, कंबरेला पट्टा लावू, सगळ्यांनाच लावू, दोनच दिवस हायत. ती म्हणाली मला काय बांधून नेणार? आन मग माझ्याकडे बोट केलं. हिचे पाय बांधा आन बसवा.

मी म्हटलं बांधा. मला वाटलं काय होणार हाय, आयुष्यभर सीटा शिवल्या. तिने स्वतःचाच वरून पांघरलेला कपडा काढून माझे दोन्ही गुडघे आवळले आन पाय टेकवायच्या फळीवरून काढून लोंबते ठेवले. बसले. क्षणभर काही झालं नाय. मग जाणवलं बाय, खाली आधार नाय, पाठ सरकतेय, मी हाताने कडा धरल्या, पण माझं वजन तुमी बघताय. पडले. होडीतून पडले नव्हते ती खुर्चीतून पडले. सगळं आवार हसलं आन सगळ्यात जास्त ती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

मातीत बसल्या बसल्या मला कळलं. रिक्षात आपण सीटवर बसतो असं वाटतं, पण बसतो पायांवर. पाय रेटून ठेवतो म्हणून घसरत नाय. ज्याच्या पायात जोर नाय त्याला ही सीट म्हणजे घसरगुंडी. आन मी तशा चाळीस शिवून समुद्रापार आणल्या होत्या, पायपिन लावून.

भाऊ म्हणत होते ऱ्हाऊ द्या. मी म्हटलं भाऊ, ह्या वाटल्यात तर मी घरी तोंड दाखवू शकत नाय. आधीच्या दोघांच्या पण सीटा परत घेतल्या. गल्लीत एक म्हातारा शिंपी होता, पायाचं मशीन. त्याला माझी भाषा नाय, मला त्याची नाय, पण मी फोम हातात धरून दाखवला आन तो समजला, शिंप्याला काय सांगावं लागतं. मागे जिथे बूड टेकतं तिथे फोम कोरून खोलगट केला, निघालेला तुकडा पुढे मांडीखाली चढवला, आन रेक्झिनवर तिकडचा जाड सुती कपडा, नाड्यांचा, धुवायला काढता येईल असा. झुहुरा शेजारीच बसून सांगत होती, इथे अजून काप, तिथे नको. दर वेळी बसून बघायची, नाक मुरडायची, उतरायची. माझ्या सासूने एवढा जाच केला नाय.

चौथ्यांदा बसली ती उतरली नाय. जयंतीभाईंना काहीतरी म्हणाली. मी विचारलं काय म्हणते? ते म्हणाले, नाक्यावर न्या म्हणते. नेलं. तिच्या जागेवर चूल मांडलेल्या त्या दुसऱ्या बाईच्या समोर झुहुराने खुर्ची उभी केली आन नुसती बघत ऱ्हायली तिच्याकडे. त्या बाईने चूल उचलली आन पलीकडे गेली. चाळीसच्या चाळीस सीटा दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत झाल्या, माझी बोटं सुजली, ते सोडा.

आता दुकानात तेच चालू हाय. संस्थेच्या पुढच्या सीटा आल्यात, मालक फोम कापतात आन मी डोक्यावर उभी ऱ्हाते, त्यांची पाठ अजून धरलेलीच हाय. मागच्या महिन्यात जयंतीभाईंनी फोनवर व्हिडिओ धाडला. झुहुरा नाक्यावर, मासे तळतेय. पण बसलीय कुठे? खाली, जमिनीवर, तिला कढई तिथूनच बरी पडते. आन खुर्चीत एक गिऱ्हाईक, दोन पायांचा धडधाकट माणूस, आरामात मासा खातोय. मला आधी असा राग आला. मालक म्हणाले अगं, घरून नाक्यावर तर ती खुर्चीतच येते ना, मग मध्ये ती कोणालाही बसवेल, खुर्ची तिची हाय.

मी तो व्हिडिओ चारदा बघितला. कढई दिसते, मासा दिसतो, ती दिसते, मागे उभं ऱ्हायलेलं आणखी एक गिऱ्हाईक दिसतं. माझी शिवण तेवढी दिसत नाय, तिच्यावर माणूस बसलाय. आता शिवण बघायला त्याला उठवायचा काय? बसू दे.