पाळणा न्यायचा न्हाय

न्हाय म्हंजे न्हाय, पावणं! झबली न्या, दुपटी न्या, पर पाळणा ह्या घरातनं हलायचा न्हाय. तुमची भैन पोराला घिऊन पन्हाळ्याला गेली, आता पाळणाबी गेला तर नातू माझा परत येतोय व्हय? बसा. हितंच पाळण्याजवळ, फरशीवर बसा—बघा कशी लख्ख हाय! हिच्यामुळंच म्हणं पोराच्या तळहाताला, गुडघ्याला फोड आलं. आवं, तुमच्या संयोगितानंच रोज फिनेल ओतून पुसायचं, आन् नाव सासूचं! ती गेल्यापास्नं मी निस्त्या पाण्यानं पुसती. चाटून दावू काय?

आन् त्यो डॉक्टर! म्हणतोय, पोरगं रांगतंय, जमिनीवर आसंल ते कातडीला लागतंय, हात तोंडात गेला की पोटात. फरशीवर काय टाकता आज्जी? म्या म्हणलं, काय न्हाय. खरंच की! आता घरात गुळाची ढेप, पोराच्या तोंडाला दूध—मुंग्या येणारच. एकदा कानाला डसल्या त्येच्या, असं कळवळलं लेकरू! तवापास्नं रोज सकाळी पाळण्याभवती मुंग्यांचा खडू वढती मी. अजूनबी वढती, पोरगं कवाबी यील. आता खडू त्यो मुंग्यांचा, डॉक्टरला कशाला सांगायचा? मुंगी मरती, माणसाला काय हुतंय? बोटानं मीच सारखा करती की. बोटं सोलल्यात माझी, व्हय, पर ती म्हातारपणानं. त्याच बोटांनी भात कालवून भरवलाय त्येला, कवा रडला न्हाय—म्हंजे रडायचा जरा, पर दात येत हुतं.

उठताय कुठं? बसा की. भैनीवाणीच दिसताय. ती बी अशीच उठून गेली. मला काय इचारायचं तर हुतं—मी काय वैरीण हाय त्येची? दुपारचं रिकामाच पाळणा हलवत बसती मी, कुणाला सांगू? जीव तुटतोय माझा, पावणं. घ्या, चिवडा घ्या, घरचा हाय—आगं आय! त्यो हात न्हवं! फरशीला टेकलता त्यो! आदी धुवा, तोंडात घालू नगासा, खडू लागलाय त्येला, इख असतंय त्यात—

थांबा. पाळण्याला बी हात लावू नगासा. चारी पायांना वढलाय म्या. पुसून देती.

मग न्या.